हातचं पाणी

आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावकडे पावसाला सहसा कोणी पाऊस म्हणत नाही, पाणी म्हणतात. आभाळ भरून आलं की "पानी येऊन राहिला" असं ओरडत बायका अंगणातलं वाळवण उचलतात. धानाच्या बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या खाचरात, सोडतात तेही पाणीच. आणि माणूस गेल्यावर दहाव्या दिवशी तलावात उभं राहून नातलग त्याला ओंजळीने देतात, त्यालाही पाणी देणं एवढंच म्हणतात.

बाबांना जाऊन नऊ दिवस झाले होते. दहाव्या दिवशी त्यांना पाणी कोणी द्यायचं ते मोठेबाबांनी ठरवलं होतं. मोठेबाबा म्हणजे बाबांचे थोरले भाऊ, बकाराम. बाबांना मुलगा नाही, मी एकटीच. अग्नीही मीच दिला होता. त्यावर गावात थोडी कुजबुज झाली आणि थांबली. खरं तर अशा वेळी पुतण्या पुढे होतो. पुतण्या होता, मोठेबाबांचाच मुलगा, गजेंद्र. स्मशानात तो सगळ्यांच्या मागे, लाकडं आणलेल्या ट्रॅक्टरला टेकून उभा होता. त्याला पुढे येऊ द्यायचं नाही हे त्याच्या बापानेच सांगितलं होतं, कारण बाबा जिवंतपणी म्हणाले होते, "ज्यानं माही झाडं मारली, त्याच्या हातचा पानी मले नको."

ती झाडं गजेंद्रने मारली नव्हती. मी मारली होती, आणि हे आम्हा दोघांनाच माहीत होतं.

बाबा बारा वर्षं कच्छमध्ये होते. रेल्वेच्या एका ठेकेदाराच्या टोळीबरोबर ते गांधीधामला गेले. काम संपल्यावर टोळी परत आली, बाबा आले नाहीत. वेलजीभाई नावाच्या एका शेतकऱ्याकडे ते राहिले. तिथली जमीन पांढरट, पाऊस नावाला, आणि बोअरचं पाणी इतकं खारट की चूळ भरली तर थुंकून टाकावी. त्या पाण्यावर वेलजीभाईंना डाळिंब करायचं होतं. पहिली दोन वर्षं लावलं ते सगळं करपून गेलं. बाबा धानाच्या मुलखातला माणूस. पाणी अडवायचं, बांधीत साठवायचं, एवढंच आयुष्यभर केलेलं. तिथे ते नव्याने शिकले. पाणी थेंबाथेंबाने द्यायचं, पण रोज द्यायचं. झाडाभोवती वाळलं गवत अंथरायचं. पानाचं टोक करपलं की ओळखायचं, झाड काय सांगतंय ते. कित्येक झाडांतून एक झाड तगलं, भरलंही. बाबांनी त्याच्या फांद्यांना माती बांधून गुट्या केल्या, त्यांची रोपं केली, रोपं वाढवली, आणि तीन वर्षांपूर्वी चारशे झाडांचा नवा तुकडा उभा केला. जमीन वेलजीभाईंची, पाणी वेलजीभाईंचं. झाडांना मात्र बाबा 'माही झाडं' म्हणायचे, आणि वेलजीभाईही त्यांना तसं म्हणू द्यायचे.

दर रविवारी अकराच्या सुमारास त्यांचा फोन यायचा. मी गोंदियात शाळेत मराठी शिकवते, एक खोली घेऊन राहते. रविवार हा माझा वाचायचा दिवस. फोन स्पीकरवर ठेवून मी पुस्तक उघडंच ठेवत असे. बाबा आधी आईची चौकशी करत, मग धानाची, मग सावकाश त्यांच्या झाडांवर येत. आज इतकी फुलं दिसली. आज पाण्याला जास्त खार आला. आज वेलजीभाईचा जावई येऊन म्हणाला, मनिरामकाका, तुम्ही तर समुद्रावर पण शेती कराल. बाबा हसत. मी "हं" म्हणत असे. "हं" म्हणायला पुस्तकातून डोळे काढावे लागत नाहीत.

मागच्या फेब्रुवारीत बाबा पोट धरून परत आले. गोंदियाच्या डॉक्टरांनी नागपूरला पाठवलं. पोटात गाठ होती, ऑपरेशन ठरलं. झाडांना पहिल्यांदा फळ धरायचं होतं, आणि त्याच वेळी बाग सोडून यावं लागलं याचंच त्यांना जास्त लागलेलं होतं. त्यांच्या जागी त्यांनी गजेंद्रला पाठवलं. गजेंद्र तेव्हा सव्वीसचा, हुशार, अंगात काम. आधी दोनदा महिना-महिना तिथे राहून आलेला. बाबांनी त्याला आठ दिवस रोज फोनवर शिकवलं. उन्हाळा तोंडावर होता, म्हणून उन्हाळ्याचंच शिकवलं. तिथे त्या दिवसांत पाऊस येत नाही.

त्या वर्षी आला.

ऑपरेशनच्या दिवशी बाबांना आत नेल्यावर त्यांचा फोन, चष्मा आणि दातांची कवळी माझ्या पर्समध्ये होती. आई बाकावर डोळे मिटून बसली होती. मी खाली रक्ताची पिशवी आणायला निघाले होते, तेवढ्यात बाबांचा फोन वाजला. गजेंद्र.

"बाई," तो म्हणाला. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. "काका कसे आहे?"

"आताच आत नेलं. काय रे?"

"इथं पानी येऊन राहिला. कालपासून. बारीक बारीक. ठिबक चालू आहे, बंद करू का?"

"वरून पाणी येऊन राहिलं ना? मग खालून कायले देतेस? बंद कर."

"बंदच करू ना?"

"हो रे बाबा. जमीन वाळेपर्यंत राहू दे बंद."

"पक्का?"

त्याने तीनदा विचारलं होतं. लिफ्टचं दार उघडलं होतं आणि माझा पाय त्यात होता. मी म्हटलं, "अरे, हे काय विचाराची गोष्ट आहे?"

गोरेगाव तालुक्यातल्या कुठल्याही लहान पोराने हेच उत्तर दिलं असतं. वरून पाणी आलं की बांधीचं पाणी तोडायचं. आमच्या अंगातच आहे ते.

बाबा शुद्धीवर आल्यावर त्यांनी विचारलं, गजेंद्रचा फोन होता का. मी म्हटलं, होता, तिकडे पाऊस झाला म्हणाला, सगळं ठीक आहे. बाबांना तेव्हा ऐकू गेलं होतं की नाही, मला माहीत नाही. त्यांनी डोळे मिटले.

तीन आठवड्यांनी वेलजीभाईंचा फोन आला, आणि पाठोपाठ गजेंद्रचा. तोवर आम्ही बाबांना गावी आणलं होतं. अंगणात खाटेवर ते उशांना टेकून बसले होते, पोटावर पट्टी. फोन स्पीकरवर मीच धरला होता. गजेंद्र सांगत होता की पानांच्या कडा जळल्या, मग पानं गळली, फुलं गळली, आता फांद्या वरून वाळत येत आहेत. रोज पाणी देतोय तरी. चारशेपैकी अर्ध्याहून जास्त झाडं.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. "पानी आला तवा ठिबक बंद केली होती का?"

"हो."

"किती दिवस?"

"चार दिवस, काका."

बाबांनी डोकं मागे टेकलं. मग ते रागाने नाही, शिकवायच्या सुरात बोलायला लागले, आणि तेच ऐकवेना. "अरे, खाऱ्या पान्यातला मीठ जाते कुठं? ठिबकचा ओला गोल असते ना, त्याच्या काठाले जाऊन बसते. झाड मधात, मीठ काठाले. आपन रोज पानी देतो म्हनून ते बाहेर ढकललेला रायते. मोठा पानी आला तर सारा धुवून खाली नेते, त्याचा काही नाही. हा बारीक पानी बेकार. हा काठावरचा मीठ उचलते अना मुळाईवर आनून सोडते. म्हनून पानी आला का ठिबक बंद नाही कराची. उलटी जोरात चालू कराची."

हे त्यांनी मला सांगितलं होतं.

ते बोलत असतानाच मला आठवलं. दोन वर्षांपूर्वीचा एक रविवार. बाबा फोनवर हसत होते. म्हणत होते, "इथं पानी आला का आमी घरात नाही पळत, ठिबक चालू कराले पळतो. आपल्या गावचे लोक पाहतील तर येडा म्हनतील मले." मी "हं" म्हटलं होतं आणि पान उलटलं होतं.

"कोनं सांगतला होता तुले बंद कराले?" बाबांनी विचारलं.

फोन माझ्या हातात होता. मी गजेंद्रच्या श्वासाचा आवाज ऐकत होते. त्याला माहीत होतं की फोन कोणी धरलाय, कारण पहिलं "हॅलो" मीच म्हटलं होतं.

"कोनं नाही, काका," तो म्हणाला. "मीच केलो."

मी काही बोलले नाही. बाबांच्या पोटाला टाके होते, डॉक्टरांनी सांगितलं होतं त्यांना त्रास होईल असं काही बोलू नका. मी स्वतःला हेच सांगितलं. त्यानंतर आठवड्याभरात टाके निघाले. मग केमो सुरू झाली. मग आता त्यांना बरं वाटतंय तर कशाला, मग आता बरं वाटत नाही तर कशाला. सात महिन्यांत असा एकही दिवस नव्हता की ज्या दिवशी सांगता आलं नसतं, आणि असा एकही गेला नाही की ज्या दिवशी मी कारण शोधलं नाही.

वेलजीभाईंनी गजेंद्रला गाडीत बसवून दिलं. तो परत आला त्या संध्याकाळी थेट आमच्या घरी आला, हातात पिशवी तशीच. बाबा ओट्यावर होते. तो पाया पडायला वाकला तर त्यांनी पाय वर घेतले. आईने सवयीने त्याच्या हातात पाण्याचा तांब्या दिला, काकाले दे म्हणून. तेव्हा बाबा ते बोलले. ज्यानं माही झाडं मारली. मोठेबाबा तिथेच बसले होते. त्यांनी ऐकलं, आईने ऐकलं, शेजारच्या दोघांनी ऐकलं. गजेंद्रने तांब्या जमिनीवर ठेवला आणि निघून गेला. नंतर तो तीनदा आला. तिन्ही वेळा आईने त्याला दारातूनच परत पाठवलं. गोरेगावच्या राइस मिलमध्ये तो पोती उचलायला लागला. बाजाराच्या दिवशी पोरं त्याला 'ओ खारट' म्हणून हाक मारत.

मी दर शनिवारी गावी जात होते. दिवाळीनंतर सुट्टी टाकून राहिलेच. शेवटी शेवटी बाबांना चमच्याने पाणी पाजावं लागे. ते मी पाजत होते.

नवव्या दिवशी दुपारी मी मागच्या परसात भांडी घासत होते. गजेंद्र कुडाबाहेर उभा राहिला. आत आला नाही.

"बाई, एक सांगाचा होता."

"बोल ना."

"उद्या मी एक ओंजळ देतो. बस एक. मंग निघून जाईन. तू बाबाले सांग ना." बाबा म्हणजे त्याचे बाबा, मोठेबाबा.

"तू सांगितलंस का त्यांना?"

"सांगतलो. ते म्हनते, मनिराम तोंडानं बोलून गेला, मेलेल्या मानसाचा सबद मी नाही मोडत. तुह्याच हातानं त्याची झाडं गेली, म्हनते."

मी घासणी खाली ठेवली. मला वाटलं आता तो म्हणेल, तू खरं सांग. तो म्हणाला नाही. कुडाची एक काडी काढून तो तिचे तुकडे करत राहिला. मग मीच विचारलं, जे मला सात महिने विचारायचं होतं.

"तू त्या दिवशी मला का विचारलंस रे? मी काय शेती केली आहे?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याला खरंच नवल वाटलं असावं. "काका म्हनला होता ना. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. काही अडला अना मी नसलो तर दुर्गाले इचार, म्हने. मी बारा वर्षं दर रविवारी तिले सारा सांगतलो आहे. तिले सारा माहीत आहे."

मी उठून नळावर हात धुतले. हात धुवून झाले तरी नळ चालूच ठेवला.

"सांगते मी मोठेबाबांना," मी म्हटलं.

"एकच ओंजळ," तो म्हणाला. "जास्त नाही."

त्या दिवशी मी सांगितलं नाही. घरात पाहुणे होते.

सकाळी आम्ही तलावावर गेलो. पुरुष वीसेक, आणि मी. तलाव काठोकाठ भरलेला होता. पाळीच्या, म्हणजे तलावाच्या बांधाच्या, पलीकडे कापणी चालू होती, हार्वेस्टरचा आवाज इथपर्यंत येत होता. देवरीहून बाबांचे मामेभाऊ यादोरावकाका आले होते. न्हाव्यापुढे बसल्या बसल्या त्यांची गाडी सुरू होती.

"जपून कर रे, कान आपलाच समजून कर."

"काका, तुमच्या डोक्यावर आहे तरी काय काढाले? दोन केस, त्याले कायचा वस्तरा?"

"दोन तर दोन. मनिराम माह्याकडून आंबे चोरून नेत होता, त्याच्यासाठी दोन केस नाही देऊ का मी?"

सगळे हसले. मोठेबाबाही थोडे हसले. गजेंद्र पाळीवर पळसाखाली बसला होता, सगळ्यांपासून लांब. त्याच्या डोक्यावर केस होते.

मोठेबाबांनी तीळ घातलेलं ताट माझ्यासमोर ठेवलं. "चल दुर्गा. तू आधी दे. पोरगी आहेस, पन त्याले तूच होतीस. मंग आमी देऊ."

मी चपला काढल्या आणि पाण्यात उतरले. घोट्यापर्यंत पाणी आलं, मग पोटऱ्यांपर्यंत. खाली गाळ होता. मी ओंजळ भरली. भरलेली ओंजळ घेऊन उभं राहिलं की ती बोटांतून झिरपायला लागते. मी ती सोडून दिली आणि मागे वळले.

"मोठेबाबा, पाणी गजेंद्रला देऊ द्या."

"ते झाला ना बोलून."

"नाही झालं. बाबांची झाडं त्यानं नाही मारली. मी मारली. ऑपरेशनच्या दिवशी त्याचा फोन मी उचलला. ठिबक बंद कर म्हणून मी सांगितलं. त्यानं तीनदा विचारलं होतं. बाबांनी मला आधी सांगून ठेवलं होतं, असं करायचं नाही म्हणून. मी ऐकलं नव्हतं."

हे सगळं मी एका दमात बोलले. वर्गात धडा वाचून दाखवावा तसं. न्हाव्याने वस्तरा उचलून धरला होता, तो त्याने हळूच वाटीत ठेवला.

मोठेबाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग पाळीकडे वळून त्यांनी हाक मारली. "गजेंद्र! इकडं ये."

तो आला.

"खरा आहे का हे?"

तो तलावाकडे पाहत होता. "काकाच्या पोटाले टाके होते तवा."

"मी ते नाही इचारलो. खरा आहे का?"

"हो."

"मंग सांगतला काऊन नाही? सात महिने लोकाइनं थुंकला तुह्यावर. मी थुंकलो."

"मी कायले सांगू? बाईच्या बापाले बाईनं सांगाचा होता."

हे तो मोठेबाबांना म्हणाला, माझ्याकडे न बघता. त्यात टोमणा नव्हता. जे आहे ते तो सांगत होता.

यादोरावकाका अर्धं डोकं झालेल्या अवस्थेत उठून आले. "जाऊ द्या भाऊ. झाला ते झाला. दोघंबी द्या पानी, अना आटपा. पोरीची चूक झाली, कोनाच्या हातून नाही होत? धानवाल्या मानसाले काय माहीत खाऱ्या पान्याचा?"

"चूक होते," मोठेबाबा म्हणाले. "चुकीचा काही नाही." ते थांबले. हातातली काठी त्यांनी मातीत रोवली. "मनिराम म्हनला, ज्यानं माही झाडं मारली त्याच्या हातचा नको. मी माह्या पोराले दहा दिवस दूर ठेवलो त्या सबदापाई. आता तो सबद दुसऱ्यावर आला, म्हनून मी तो इसरून जाऊ का? मंग माह्या पोराले मी कायले ठेवलो होतो दूर?"

"अरे, एकुलती एक पोरगी आहे त्याची!"

"हो तर."

त्यांना मला शिक्षा करायची नव्हती. मला ते कळत होतं. मला लहानपणी खांद्यावर बसवून गोरेगावच्या बाजारात नेणारा माणूस तो. पण एक शब्द त्यांनी स्वतःच्या मुलावर चालवला होता आणि आता तो मागे घेण्याची वाट त्यांच्याकडे नव्हती. यादोरावकाका अजून काही बोलणार होते. मी आधीच पाण्याबाहेर आले. ताट उचललं आणि गजेंद्रच्या पुढे धरलं.

त्याने ताटाकडे पाहिलं. मग न्हाव्यापुढे जाऊन बसला.

वस्तरा डोक्यावरून फिरला. तुळतुळीत डोक्याने तो एकदम लहान दिसायला लागला. तो पाण्यात उतरला, कमरेपर्यंत गेला. बाबांचं नाव घेऊन त्याने ओंजळ भरली आणि बोटांच्या टोकांवरून सावकाश सोडली. दुसरी भरली. तिसरी. आमच्याकडे तीन देतात. तो थांबला नाही. चौथी, पाचवी. पळसाच्या पानांवरून दव पडावं इतक्या हळू तो पाणी सोडत होता. मला वाटलं तो काहीतरी पुटपुटतोय, पण ते ऐकू येत नव्हतं. हार्वेस्टर बांधाच्या टोकाला जाऊन वळला होता.

"बस झाला, बाबू," यादोरावकाका म्हणाले. "पोचला त्याले."

गजेंद्र बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड ओलं होतं. पाण्याने की कशाने, मी पाहिलं नाही. मग मोठेबाबांनी दिलं, यादोरावकाकांनी दिलं, बाकीच्यांनी दिलं. मी पाळीवर चपलांजवळ उभी होते. साडीच्या ओल्या काठाला गाळ लागला होता. कावळ्यासाठी ठेवलेल्या भाताकडे सगळे पाहत होते, म्हणून मीही पाहत होते.

बाबांना मी शेवटचं पाणी पाजलं ते, ते गेले त्या पहाटे. चमचाभर. त्यातलं अर्धं हनुवटीवरून ओघळलं. त्यांनी माझा हात धरून ठेवला होता, आणि मला वाटतं, त्यांना काही विचारायचं नव्हतं. पण हे मला वाटतं, एवढंच. मला माहीत नाही. मी त्यांना माहीत करून घ्यायची संधीच दिली नाही.

परतताना बांधावरून एकामागे एक चालत निघालो. मोठेबाबा माझ्या पुढे होते. एका ठिकाणी मोरी फुटून वाट चिखलाची झाली होती. तिथे ते पलीकडे जाऊन थांबले. काठी माझ्याकडे केली. मी काठीचं टोक धरून पार झाले. त्यांनी काठी परत घेतली आणि चालायला लागले.

घरी आई अंगणात उभी होती. येणाऱ्यांच्या पायांवर पाणी घालायला तिने बादली भरून ठेवली होती. ती एकेकाला पाहत होती आणि तिची नजर गजेंद्रवर थांबली. त्याच्या डोक्यावर. तीन वेळा तिने त्याला या दारातून परत पाठवलं होतं.

"त्यानं पानी देला?" तिने मोठेबाबांना विचारलं.

"देला."

"अना दुर्गानं?"

मोठेबाबा बादलीजवळ वाकून स्वतःच्या हातांनी पाय धुवायला लागले. यादोरावकाका आत गेले. गजेंद्र तुळशीवृंदावनापाशी थांबला, आत जावं की नाही हे न कळून.

आई माझ्याकडे वळली. "तू नाही देलीस? काऊन ओ?"

मी तिच्या हातातला तांब्या काढून घेतला आणि तिला ओट्यावर बसवलं. तिच्या समोर, खाली जमिनीवर बसले.

"आई," मी म्हटलं, "मार्चमध्ये, बाबांना आत नेलं होतं तेव्हा, तू बाकावर डोळे मिटून बसली होतीस. बाबांचा फोन वाजला होता."